बाटलीने काढलेलं चित्र

रविवार, २८ ऑक्टोबर १९५६

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून बुधाजीकाका चाळीत कोणाला स्वस्थ बसू देत नाहीत. आमच्या परळच्या चाळीतले ते सगळ्यांत वडीलधारे, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नाही. घरोघरचे देव्हारे रिकामे करून झाले. आज सकाळी माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, व्यायामशाळेची भिंत बोडकी दिसते, तिथे बुद्धाचं चित्र हवं. माणसाएवढं, कापडावर. सोळा डिसेंबरला मुंबईतही मोठी दीक्षा व्हायची असं चाललंय, त्याच्या आत चित्र लागलं पाहिजे.

मी हो म्हणालो. चाळीत पेंटर एकच आणि तो मी, दुसरं काय म्हणणार? मालन तर इतकी हरखली की नळावर जाऊन सगळ्या बायकांना सांगून आली. आता मागे फिरायला जागा उरली नाही.

खरं काय ते इथेच लिहून ठेवतो. मी गिरगावात फणसवाडीजवळच्या एका फोटो स्टुडिओत पडदे रंगवतो. खांब, कारंजं, तळ्यातले हंस, मागे ताजमहाल. त्यापुढे उभे राहून नवरा-नवरी फोटो काढून घेतात. समोर नमुना असला की मी हुबेहूब उतरवतो. नमुना काढून घेतला की हात लुळा पडतो. संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, याला हात आहे, डोळा नाही. ते वाक्य अजून माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे. आणि बुद्धाचा नमुना म्हणजे काय, तर काकांनी नागपूरहून आणलेलं पोस्टाच्या तिकिटाएवढं छापील चित्र. त्यात नाक कुठे नि कान कुठे ते देवालाच ठाऊक, आणि देव तर आम्ही परवाच पोचवून आलो.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आजपासून मराठी-गुजरातीचं एकत्र द्वैभाषिक राज्य. गिरणगावात जिकडेतिकडे काळे झेंडे. समोरच्या चाळीतला राजाराम संध्याकाळी कापडाची गुंडाळी बगलेत मारून आला. हा मालवणचा, गिरणीत कामाला, आणि बाकीचा सगळा वेळ संयुक्त महाराष्ट्र समितीच्या चळवळीत. जानेवारीच्या गोळीबारात याचा चुलतभाऊ गेला, तेव्हापासून घरी फक्त जेवायला जातो. म्हणाला, "दौलत, उद्याच्या मोर्चाक फलक व्हये. 'मुंबई आमची' असा लिही. खाली जागा उरात, थंय तुका काय सुचात तां काढ."

बसल्या बैठकीला करून दिला. अक्षरांखाली डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी काढली, मूठ वर केलेली. कुठल्या चित्रातली नव्हे, अशीच ब्रशला आली. वाळत घातला तर येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. राजारामने बराच वेळ पाहिलं आणि ही बाई कुठली म्हणून विचारलं. कुठलीच नाही म्हटलं. तो फलक घेऊन गेला.

असली कामं हातासरशी होतात. ती काही चित्रकला नव्हे.

रविवार, ४ नोव्हेंबर

व्यायामशाळेत कापड ताणून घेतलं आणि बुद्ध काढला. झाला सिनेमातला हिरो. कानात बाळ्या घातल्यासारखे कान, ओठ रंगवल्यासारखे. डोकावून गेलेल्या पोरी पदर तोंडात धरून पळाल्या. राजाराम म्हणाला की आमच्या खात्यातला नवा मास्तर अगदी असाच दिसतो. मालनने मात्र, रंग छान आहेत, एवढंच म्हटलं. बायको रंगांचं कौतुक करायला लागली की समजावं, चित्र फसलं.

आमच्या धंद्यात चूक पुसत बसत नाहीत. वरून सफेद्याचा हात मारायचा, वाळलं की कापड पुन्हा कोरं. तसा मारला.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

आज जे केलं ते कायद्याने गुन्हा आहे. सापडलो तर दारूबंदीचे पोलीस थेट आत टाकतील.

सिक्वेरा म्हणून एक म्हातारे गोवेकर आहेत, धोबीतलावला कुडात, म्हणजे गोव्याच्या खलाशांच्या सामायिक बिऱ्हाडात राहतात, जन्मभर बोटीवर बटलर होते. वारलेल्या बायकोच्या फोटोवरून मोठं चित्र करून घ्यायला ते स्टुडिओत येतात. बोलताबोलता मी त्यांना स्टुडिओतल्या जुन्या विलायती मासिकातला लेख सांगितला होता. पॅरिसचे चित्रकार ॲबसिंथ नावाची हिरवी दारू पीत, आणि ती पोटात गेली की जे कोणाला दिसत नाही ते त्यांना दिसायचं, असं त्यात होतं. सिक्वेरा हसले होते. आज ते चित्र न्यायला आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली माझ्या हातात ठेवली. बार्सिलोनाची, पुष्कळ वर्षं पेटीच्या तळाशी पडलेली.

मग सगळा इतिहास सांगितला. आफ्रिकेतल्या फ्रेंच फौजेला ही तापावर औषध म्हणून देत. सैनिक चटक घेऊन घरी परतले. पुढे द्राक्षांच्या वेलींना कीड लागली, वाइन महागली आणि हिरवी स्वस्त झाली. मग काय, साहेब आणि हमाल एकाच वेळी प्यायला बसायचे. संध्याकाळी पाचला पॅरिसच्या गल्ल्यांना हिचाच वास. लोक हिला हिरवी परी म्हणत. हिच्यात एक कडू पाला असतो, तोच डोकं फिरवतो अशी बोलवा होती. मग स्वित्झर्लंडमधल्या एका शेतकऱ्याने ही प्याली आणि बायकोला नि दोन लहान मुलींना गोळ्या घातल्या. झालं, एकामागून एक देशांनी बंदी केली. स्पेनने तेवढी केली नाही.

मी विचारलं, खरंच डोकं फिरतं का? म्हातारा म्हणाला, "अरे बाबा, त्या माणसाने दिवसभर वाइन पी, ब्रँडी पी. हिरवी फक्त दोन ग्लास. लेकिन नाम किसका हुआ? हिरवीका. स्ट्राँग दारू है, बस. बाकी जे आदमीके अंदर असतं तेच बाहेर येतं."

बोटीवर बश्या उचलणाऱ्याला कलेतलं काय कळणार. दीक्षेला अजून महिना आहे. तोवर प्यालो तर दारू न पिण्याची शपथ काही मोडत नाही. चित्र झालं की बाटली गटारात.

रविवार, ११ नोव्हेंबर

व्यायामशाळेत टर्पेंटाईन आणि अळशीच्या तेलाच्या बाटल्यांत तिला उभी केली आहे. ब्रश धुवायला रॉकेलची घेते तेवढी सोडली तर मालन त्या बाटल्यांना हात लावत नाही.

दुपारी दार लोटून घेतलं. साखरेवरून पाणी गाळायला त्या लोकांचा जाळीचा चमचा असतो, मी चहाची गाळणी वापरली. पेल्यातल्या हिरव्या दारूत पाणी पडलं आणि ती बघताबघता दुधाळ झाली. तसा ढग उठला पाहिजे असं सिक्वेरांनी सांगितलंच होतं. वास बडीशेपेचा. घसा पेटला. दुसरा पेला घेतला. मग काय झालं ते नीट आठवत नाही. मालन चहा घेऊन आली तेव्हा मी फरशीवर पडलो होतो आणि कापडावर नुसते फराटे होते.

टर्पेंटाईनने घेरी आली असं सांगितलं. ती म्हणाली, टर्पेंटाईनला बडीशेपेचा वास कसा? मी ओरडलो की रंगातलं तुला काय कळतं. तिने मला घरी नेऊन निजवलं, मग ब्रश धुवायला म्हणून परत गेली. खोटं पचलं, पण तिच्यावर ओरडायला नको होतं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

आज स्टुडिओला सुट्टी. दुपारी एकच पेला घेतला. ढग आला नाही. पाणी घातलं तरी तशीच राहिली, आणि रंगही जरा मळकट वाटला. उजेड लागला की हिरवा रंग उडतो असं सिक्वेरा म्हणाले होते, शिवाय त्या दिवशी बूच नीट बसवलं नसेल. घशाची आगही कमी झाली, म्हणजे सवय होत चालली. कडूपणा मात्र असा वाढलाय की जीभ आत ओढली जाते. लेखात लिहिलंच होतं, पाला खाली बसतो आणि खरी ताकद तळाशी असते.

आणि ताकद आहे. आज हात थरथरला नाही. मास्तरांचा आवाज आला नाही. मांडी घातलेली बैठक एका दमात उतरली, खांदे उतरले. समोर नमुना नव्हता.

रविवार, १८ नोव्हेंबर

आता घाबरावं की नाचावं कळत नाही. पेला घेतल्यावर थोड्या वेळाने व्यायामशाळेच्या भिंती पिवळ्या दिसायला लागल्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, पण कोणी हळदीचं पाणी शिंपडल्यासारख्या. बाहेर आलो तर वाळत घातलेली धोतरं पिवळी. लेखातले चित्रकार हेच बघत होते.

त्या उजेडात चीवर रंगवलं. असा पिवळा मी आयुष्यात कधी कालवला नव्हता. बुधाजीकाका येऊन चित्रासमोर बसले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू आलं, कारण ते शाबासकी कोणाला देतायत ते मला ठाऊक होतं.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

धोबीतलावला जाऊन सिक्वेरांना पिवळ्याचं विचारलं. म्हणाले, "तीस साल पिया, कधी पिवळं दिसलं नाही. कावीळ झाली असेल रे, डॉक्टरला दाखव." त्यांना दिसलं नाही, कारण ते चित्रकार नाहीत.

पण परत येताना तो शेतकरी डोक्यात बसला. सकाळी मालन भाकरी थापत होती, मी नुसता बघत होतो, आणि मनात आलं की माझ्या हातून हिला काही झालं तर? त्यालाही आधी कळलं नसेल. कोयती उचलून माळ्यावर टाकली. मालनने विचारलं, कोयती कुठे गेली. धार लावायला दिली म्हणालो.

तिलाही हल्ली नवाच नाद लागलाय, बडीशेपेचा. पदराला वास, हाताला वास. पोट बिघडलंय म्हणते. बाटली अजून अर्धीच्या वर आहे. मी बेताने घेतो, एवढं तरी स्वतःला म्हणता येतं.

रविवार, २५ नोव्हेंबर

काकांनी सगळ्यांना व्यायामशाळेत बसवून पंचशील समजावून दिलं. चार शीलांपर्यंत लोक माना डोलवत होते. पाचवं आलं, दारू आणि नशा यांपासून दूर राहीन, तेव्हा पुरुषमंडळी फरशीकडे बघायला लागली. काका म्हणाले, ही शपथ पोटात काही ठेवून घेतली तर ती शपथ नव्हे, शिवी आहे.

घरी आल्यावर मालनने मला विचारलं की पाचवं तुम्हाला म्हणता येईल ना? मी म्हटलं, मला काय झालंय? ती गिरणीत वाइंडिंग खात्यात आहे. तिचा बाप कोंडीराम त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि हातभट्टीची पिऊन आमच्या लग्नाआधीच गेला. ती त्याचं नाव कधी घेत नाही. आज मात्र म्हणाली, "माझ्या बापाला कुनी थांबवलं असतं तर बरं झालं असतं. पर त्याला सांगून थांबवता येत न्हवतं." मी विषय बदलला.

रविवार, २ डिसेंबर

चेहरा झाला.

कसा झाला ते लिहिता येत नाही. सकाळपासून ब्रश हातात होता. पापण्या उतरल्या, मग ओठ आपोआप त्यांच्यामागून आले. मागे सरून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की समोर कोणीतरी आहे.  दोन्ही बाजूंची पिंपळाची पानं तेवढी राहिली आहेत, ती आठवड्यात होतील.

मालन चहा घेऊन आली. चित्रासमोर उभी राहिली आणि खाली बसली. चहा निवून गेला तरी बसलेलीच. मग उठली, आपल्या लुगड्याचं धुतलेलं जुनेर आणून चित्रावर टाकलं आणि म्हणाली की पुरं होईपर्यंत कोणाला दाखवू नका. चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. एवढे दिवस राबलो आणि बायकोच्या तोंडून एक शब्द निघू नये, याचं फार वाईट वाटलं.

शनिवार, ८ डिसेंबर

परवा संध्याकाळी बातमी आली. बाबासाहेब गेले.

काय लिहू. चाळीत त्या दिवशी चूल पेटली नाही. बुधाजीकाका जिन्याच्या पायरीवर बसले ते उठेचनात. लहान पोरांनाही कोणी गप्प राहा सांगावं लागलं नाही. काल सकाळी सगळी चाळ अंत्ययात्रेला निघाली, तेव्हा मी जरा मागे राहिलो. व्यायामशाळेत गेलो आणि बाटलीतून घोटभर तशीच घशात ओतली. पाणी नाही, साखर नाही. वाटलं की दुपारपर्यंत तरी उभं राहता येईल.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, गच्च्यांवर, झाडांवर. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा मालनने माझा दंड धरला. मला पांढरी फुलंही पिवळी दिसत होती आणि त्या दिवशीही त्यांना तशी बघणाऱ्या स्वतःची किळस आली.

संध्याकाळी दादर चौपाटीवर, चितेसमोर, भिक्खू शपथ द्यायला लागले. वाळूवर लाखभर माणसं हात जोडून उभी. हे सोळा तारखेला व्हायचं होतं. मी सोळा तारखेच्या हिशेबाने चाललो होतो. एकेक शील म्हणत गेलो. पाचवं आलं. 'सुरामेरय' म्हणेपर्यंत आवाज निघाला आणि मग घशात तोच सकाळचा कडूपणा वर आला. मी थांबलो. शेजारी मालन स्वच्छ म्हणत होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "म्हना. बिनधास्त म्हना."

मी म्हटलं. तिला काय ठाऊक, मी काय म्हटलं ते.

रविवार, ९ डिसेंबर

मालन तिच्या आजारी चुलतीला बघायला माहीमला गेली होती. मी व्यायामशाळेत गेलो, जुनेर काढलं आणि चित्रासमोर बसलो. इतका शांत चेहरा, आणि तो कशाने निघाला ते ठाऊक असलेला जगात मी एकटा. पुढच्या रविवारी यासमोर लोक वंदनेला बसणार. ज्यांनी चितेसमोर दारू सोडली, ते दारूने काढलेल्या तोंडापुढे हात जोडणार. काका म्हणाले होते, शपथ नव्हे, शिवी.

सफेदा कालवला आणि चेहऱ्यावर हात मारला. पहिल्या हातात डोळे गेले. मग थांबलो नाही. बाकीचं अंग ठेवलं, चेहरा नि मान पांढरी केली. एका हातात खालचं दिसत होतं म्हणून दुसराही दिला. बाटली मोरीत उपडी केली. मन हलकं झालं. खूप दिवसांनी आज काहीतरी सरळ वागलो.

सोमवार, १० डिसेंबर



मालन गिरणीतली पाळी संपवून आली ती थेट व्यायामशाळेत गेली. मी मागोमाग गेलो. तिने पांढरा चेहरा पाहिला. मी सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं, ते सांगून टाकलं. सिक्वेरा, हिरवी दारू, पिवळा उजेड, चौपाटीच्या सकाळचा घोट. चित्र मी नाही, बाटलीने काढलं, म्हणून ते ठेवता येत नव्हतं. बोलताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता, ते कबूल करतो.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बाटलीत दारू न्हवती."

मी विचारलं, मग काय होतं?

"पयल्याच दिवशी मोरीत वतली. तुमी घरी पडला हुता तवाच. किरमानी ओवा, काडेचिराईत आन बडीशेप उकळून त्यात भरत हुते. आय आमाला जंतावर ओव्याचा काढा द्यायची, जास्त झाला की पिवळं दिसायचं. म्हनून मंग मी ओवा कमी केला हुता."

पहिला राग आला. बायकोने महिनाभर मला जंतांचं औषध पाजलं आणि मी पॅरिसचे चित्रकार आठवत बसलो. मी ओरडलो की मला सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी आणली असती. आणि बाटलीच्या नावाने का होईना, तुमचा हात चालत होता, तो चालू दे म्हटलं. चित्र लागलं की सांगणार होते. "तुमी शपत मोडली न्हाई. समिंदरावर खरंच बोललात तुमी."

मी विचारलं, मग चेहरा कोणी काढला?

तिने माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं पाहिलं. "तुमीच की," म्हणाली, आणि तिथेच बसून रडायला लागली. चौपाटीवर रडली नव्हती एवढी रडली.

बुधवार, १२ डिसेंबर

सफेदा खरवडून पाहिला. खालचा रंग पुरता वाळला नव्हता, तो सफेद्याबरोबरच निघून येतो. कापड उघडं पडलं. आता खाली काही नाही.

कोऱ्या जागेसमोर दिवसभर उभा राहिलो. मालनला म्हटलं, तो काढा पुन्हा करून दे. तिने नाही म्हटलं. मी चिडलो नाही, कारण मला पिवळं नको होतं. चुकलं तर नाव घ्यायला काहीतरी हवं होतं, एवढंच. आता जे वाईट होईल ते माझंच, आणि इतकी भीती मला त्या शेतकऱ्याचीही वाटली नव्हती.

तिलाच विचारलं की तू एकटीने तो पाहिलास, कसा होता सांग, तसाच काढतो. ती त्या कोऱ्या जागेसमोर बसली. मग म्हणाली, "माझा बाप तसा दिसायचा." मी ब्रश खाली ठेवला. "पगाराच्या आदल्या दिवशी पैसं नसायचं त्याच्याकडं, तवा प्यायचा न्हाई. उंबऱ्यावर बसून माझी येनी घालायचा. डोळं खाली, तोंडावर कशाचा राग न्हाई. तसा बाप मी दोन-तीनदाच बघितला. त्या दिवशी चा घिऊन आले तर समूर त्यो बसलेला. काय बोलनार हुते मी?"

म्हणून ती गप्प होती, आणि मी तिच्यावर रुसलो होतो.

रविवार, १६ डिसेंबर

चित्र लागलं. चेहरा काल दिवसभरात काढला, काही न पिता, काही न खाता. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. बुधाजीकाकांचे डोळे भरून आले. राजाराम समितीची सभा सोडून आला आणि म्हणाला, "फलकावरच्या म्हातारेचो हात हो, वळाखलंय मी." वंदनेला जागा पुरेना, बायका जिन्यापर्यंत बसल्या होत्या.

सगळे गेल्यावर मालन चित्राच्या अगदी जवळ गेली. एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. मी विचारलं, तो आहे का? तिने मान हलवली, नाही. "पर चांगला हाय," म्हणाली, आणि सतरंज्या गोळा करायला लागली. मीही दुसरं टोक धरलं.

काल पेन्सिलीने किती प्रयत्न केले ते तिला सांगितलेलं नाही. उंबरा आठवून पाहिला, वेणी घालणारे हात आठवून पाहिले, पण तो माणूस मी कधी बघितलेलाच नव्हता. त्या रविवारी तो कुठून आला होता ते मला कधीच कळणार नाही. तिचा बाप एकदा दारूने नेला. दुसऱ्यांदा मी नेला, आणि तोही दारूचा एक थेंब पोटात नसताना.